चिंध्या बांधलेल्या कुंड्या

शामला : अन् मंग तुह्या प्रयोगाच्या रजिस्टरात माझंच नाव काहून लिवलं वं?

नूपुर : मावशी, तुम्ही वाचलंत?

शामला : एकतीस वर्सं झाली या कॉलेजात कुंड्याइले पाणी घालून राहिली मी. आपलं नाव तं वाचता येते. 'शामलाबाई', अन् पुढं 'चूक'. माझ्या नावापुढं हे पहिल्यांदाच पायलं.

नूपुर : मार्तंड सर म्हणाले, असंच लिहून टाक. तुम्ही कुंड्या हलवल्या होत्या ना?

शामला : हलवल्या. वरची जाळी फाटली होती, ऊन सरळ हरभऱ्यावर पडून राहिलं होतं. पायत बसू का? सावलीत नेल्या, जाळी शिवली, परत आणून ठेवल्या.

नूपुर : तेच तर. माझी लेबलं टेबलावर चिकटवलेली. कुंड्यांवर नाहीच. आता कुठली कुंडी कोणती, कसं कळणार? ही तिसरी खेप आहे मावशी. दोन वर्षं झाली. मला आता फक्त झोपायचंय.

शामला : बस इथं पोत्यावर. पाणी पे. काय उलटं झालं ते तं सांग. मले रोज नुसतं, हे धुवा अन् ते भरा.

नूपुर : हरभऱ्याच्या मुळांना गाठी येतात. त्यात जिवाणू राहतात...

शामला : ते माईत हाय. तुह्या जिवाणूचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून बियाले कोणं चोळलं? मीच. गाठ फोडली अन् आत गुलाबी निघाली तं चांगली. माय सावनेरच्या वावरात हरभरा उपटला का आधी मुळं पाहे. थंडीच्या दिवसात रात्री झाडावर फडक्याचं धडपं पांघरे, पानावरचं आंबट दव त्यात उतरे, सकाळी पिये पिळून वाटीभर आंब. आठवलं तरी दात आंबतात. हं, सांग.

नूपुर : जिवाणू मुळाशी आले की मूळ आधी बिथरतं. जखमेवर फेस येणारं औषध लावतो ना आपण, पेरॉक्साइड? तसलंच मूळ स्वतः तयार करतं, परक्याला मारायला. जास्त झालं तर स्वतःलाही जाळून घेतं. मला वाटलं, ही आग शांत केली तर जिवाणू आरामात आत शिरतील, गाठी जास्त येतील. म्हणून पहिल्या आठवड्यात वीस कुंड्यांना आग शमवणारं औषध दिलं, वीसना नाही.

शामला : मंग?

नूपुर : औषधाच्या रांगेत गाठीच नाहीत. बिनऔषधाची रांग गाठींनी भरलीये. म्हणून सर म्हणतात, बाईंनी रांगा बदलल्या.

शामला : औषधाच्या म्हंजे या चिंध्यावाल्या?

नूपुर : कसल्या चिंध्या?

शामला : या काय, काठाखाली बांधल्या त्या. जुन्या लुगड्याच्या. पहिल्या दिवशी तू औषध देत गेली, मी मागून बांधत गेली. तुमचे कागदं भिजतात, शाई उडते. चिंधी राहते.

नूपुर : मला वाटलं, नजर लागू नये म्हणून बांधल्यात.

शामला : हरभऱ्याले कोणाची नजर लागते वं, बह्याडे! परत ठेवतानी चिंध्या पाहूनच ठेवल्या. मोज ना.

(नूपुर उठून एकेक कुंडी बघत जाते.)

नूपुर : वीस. सगळ्या एकाच रांगेत. औषधाच्याच.

शामला : मंग?

नूपुर : मग काही बदललं नाही. माझा विचारच चुकला.

शामला : आमच्या घरी वाघ्या कुत्रा होता. पाहुणा दिसला का अंगावर धावे, सारं घर डोक्यावर घे. मंग बाबा बाहेर येऊन पाहे, वळखीचा निघाला का आत घे. एका वर्सी मोठी बहीण बाळंतपणाले आली. लेकरू झोपत नाई म्हणून वाघ्याले गोठ्यात कोंडला. नरखेडहून मामा आला. आम्ही सारे मागं परसात. उभा राहून राहून गेला बिचारा परत. माय किती रडली!

नूपुर : म्हणजे त्या आगीनंच मुळाला कळत होतं, दाराशी कोणीतरी आलंय. अन् मी तीच विझवली.

शामला : मले काय माईत. शिकलेली तू.

नूपुर : सोमवारी सगळ्यांसमोर बोलायचंय. दोन वर्षं जे म्हणत होते, ते उलटं निघालं, हे सांगायचं.

शामला : माझं नाव राहिलं तं तुले सोपं जाईन?

नूपुर : हो. पुन्हा पेरा म्हणतील, एवढंच.

शामला : मंग राहू दे. पुढच्या महिन्यात रिटायरच होऊन राहिली मी. कोण पायते?

नूपुर : मावशी, खोडरबर कुठंय?

शामला : खोडरबर? पेननं नाई लिवलं?

नूपुर : पेन्सिलनं.

शामला : सरांनं सांगतलं होतं, पेन्सिलनं लिही म्हणून?

नूपुर : नाही.

शामला : हं. हळू खोड. पान फाटन.