राणीचं पांढरं

अंगणात सडा टाकून झाला होता. मी तांदूळ पाखडत होते आणि हे शिलाई मशीनला तेल देत होते. तेल देता देता म्हणाले, "अवं, हात धू अन् पुस्तक घे. तिसरा अंक वाच."

मंडळींनो, उभं राहून बोलणं मला जड जातंय. म्हणून त्या सकाळपासूनच सुरू केलं. तुम्ही सिहोऱ्यातून, आजूबाजूच्या गावांतून कामं टाकून यांच्यासाठी आलात. तुम्हाला खरं सांगायलाच हवं.

यांना वाचता येत नव्हतं. मी मुलीच्या पाटीवरून अक्षरं शिकले आणि नाटकांच्या पुस्तकांवर वाचायला लागले. ऐतिहासिक नाटकाचं काम आलं की आधी पूर्ण पुस्तक मी मोठ्याने वाचायचे. कोण कधी येतो, कोण कधी मरतो, कुणाला किती वेळात कपडे बदलायचे, सगळं भिंतीवरच्या कागदावर. मग जुन्या चादरीवर बेत. मग शिपायांचे कपडे. राजाचे सगळ्यात शेवटी. म्हणायचे, "राजा कोन होईल, याचं भांडन शेवटपर्यंत चालते. माप कायले घ्याचं आधी?"

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत झालेल्या नाटकाची ही गोष्ट. तिसऱ्या अंकात राजा पडतो. राणीला जरीचं उतरवून पांढऱ्यात यायचं असतं. मध्ये फक्त एक गाणं. यांनी आत पांढरं, वर जरीचं असं शिवलं, पाठीला हूक लावले. प्रत्येक नाटकाची राणी आधी मीच व्हायचे. मला म्हणाले, "घालून पाह्य. एका गान्यात होते का पाहू."

"अजी, मी पांढरं नाही घालत."

"काहून?"

"तुमी जिते असताना? नाही घालत."

हसले. "अवं, नाटकातला राजा मरते. मी नाही मरत."

मी ऐकलं नाही. कपडे तसेच गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. हूक आतल्या कापडात अडकला. राजाच्या प्रेतापाशी राणी आली, ती मागे जरीचं लोंबवत. कुणीतरी ओरडलं, "मास्तरची रानी शेपटीवाली!" सगळा मांडव हसला. त्यानंतर नाटक मंडळाचे कपडे बाहेरगावाहून यायला लागले. रस्त्याने जाताना लोक यांना शेपटीचा भाव विचारायचे.

गोविंदभाऊ, तुम्ही मंडळाचे अध्यक्ष. तुम्ही घरी येऊन विचारलं होतं, "मास्तर, घालून नोयतं पाह्यलं का?" हे म्हणाले, "माह्यी चूक झाली, भाऊ." मी दाराआड उभी होते. बोलले नाही. का बोलले नाही? एकच तर वाक्य होतं.

चूक त्यांची नव्हती. माझी होती. आज सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी होती.

यंदा गोविंदभाऊंनी तेच नाटक पुन्हा यांच्याकडे दिलं. आजारपणातही यांनी भिंतीवर कागद लावला. मी वाचलं, त्यांनी बेतलं. हूक काढले, कडेला बंद लावले. राणीचे कपडे शिवून झाले. पण घालून पाह्य, असं या खेपेला म्हणाले नाहीत. एकदाही नाही. घडी करून मशीनवर ठेवली. आठ दिवसांनी हे गेले.

दुखवट्याला आलेल्यांपैकी कुणीतरी हळूच विचारलं, कपडे आता बाहेरून आणायचे का? मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते.

परवा तेरवी झाली. ते उत्तर सांगून झालं की आपण सगळे उभे राहू, आणि एक गाणं संपायला लागतं तेवढा वेळ यांच्यासाठी गप्प राहू.

काल, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सडा टाकला. दार लावून घेतलं. आत पांढरं आणि वर जरीचं अंगावर चढवलं. मग तिसऱ्या अंकातलं गाणं म्हणत म्हणत बंद सोडले. पांढऱ्यात उभी राहिले, तेव्हा गाण्याचं एक कडवं बाकी होतं.