नियंत्रित गटाला हात लावायचा नाही!

नाही, पण मला एक सांगा, हात लावायचा नाही म्हणजे काय हो? डोळ्यांदेखत एक पोरगं दुसऱ्याच्या उरावर बसून त्याला पुठ्ठ्याने बडवतंय, खालचं पोरगं वरच्याच्या दंडाला कडकडून चावतंय, बाकं उलटी पडलीत, एक बूट पंख्यावर जाऊन बसलाय, आणि मी, केस पिकलेली मास्तरीण, कोपऱ्यात तक्ता घेऊन उभी! कशाला? खुणा करायला! 'चावणे' या रकान्यात एक खूण, 'बडवणे' या रकान्यात दुसरी... आणि तो बूट कुणी फेकला की आपोआप उडाला, हे विचारायचीसुद्धा सोय नाही! का? तर नियंत्रित गटाला हात लावायचा नाही!

तुम्हाला सांगते, हे सगळं त्या लघुशोधप्रबंधापायी. शिक्षणशास्त्राची वरची पदवी नसेल तर मुख्याध्यापिकेची खुर्ची विसरा, असं वरून आलं, आणि माझ्यामागून नोकरीला लागलेला तो विज्ञानाचा मास्तर ती पदवी खिशात घालून माझ्या डोक्यावर बसायला टपलेला... मग करते काय? घातलं नाव. मुदतवाढीवर मुदतवाढ घेतली. विद्यापीठात परत गेले तर खिडकीतला कारकून म्हणतो कसा, "बाई, ही शेवटची हं. यानंतर नाव कायमचं रद्द." आणि हसतो! मला वाटलं, त्याच्याच टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि त्याच्याच... जाऊ दे. कारण माझा विषय काय? 'रागनियंत्रण कार्यक्रमाचा विद्यार्थ्यांच्या आक्रमक वर्तनावर होणारा परिणाम'! हसू नका. घरी हसून झालंय. आमचे 'हे' उशीत तोंड खुपसून हसले, आणि सासूबाई म्हणाल्या, "रागावर लिहायचंय ना हिला? मग पुस्तकं कशाला आणते, आरसा पुरे!"

आणि आमच्या मार्गदर्शक मॅडम! बोलणं इतकं हळू की कान पुढे करावा लागतो, आणि कान पुढे केला की तोच पिळतात. म्हणाल्या, "हे बघा, सातवी अ हा तुमचा प्रायोगिक गट. त्यांना रोज कार्यक्रम द्यायचा. सातवी ब हा नियंत्रित गट. त्यांना काही म्हणजे काही द्यायचं नाही. उपदेश नाही, रागावणं नाही, भांडण सोडवणं नाही. लांबून निरीक्षण. तुम्ही मध्ये पडलात की निष्कर्ष बाद, आणि निष्कर्ष बाद की प्रबंध बाद."

मी म्हटलं, "मॅडम, पण सातवी ब आहे हो ती..."

"नियंत्रित गटाला," मॅडम आणखी हळू म्हणाल्या, "हात लावायचा नाही."

नियंत्रित? अहो, कुणाच्या नियंत्रणात? ज्याने हे नाव ठेवलं ना, त्याला मधल्या सुट्टीत सातवी ब मध्ये नेऊन सोडा, परत येताना अंगावर शर्टाची एक बाही उरली तरी मिळवली! त्यात एक रणगाडा. सगळी शाळा त्याला रणगाडाच म्हणते. दारात उभा राहिला की वर्गात अंधार. आणि एक काडी. चष्मा, अंगाहून मोठं दप्तर, आणि जीभ त्या दप्तराहून मोठी! मार खाईल, पण टोमणा मारल्याशिवाय राहणार नाही. सुरुवातीला पोरं बिचकली. बाई ओरडत नाहीत? बाई आजारी आहेत का? मग त्यांच्या लक्षात आलं, की बाई म्हणजे आता भिंत आहे. मग काय विचारता! एकाची आई त्याचा सुजलेला ओठ घेऊन आली. "बाई, तुम्ही तिथे होतात?" "होते." "मग काय करत होतात?" काय सांगू त्या माउलीला? नोंद करत होते?

बरं, तिकडे सातवी अ चं तरी बरं चाललं होतं म्हणता? त्यांना मी रोज शिकवत होते, बाळांनो, राग आला की डोळे मिटा, खोल श्वास घ्या, दहा आकडे मोजा. भिंतीपलीकडे ब लासुद्धा ऐकू जायचं. शिकली हो पोरं! डोळे मिटतात, श्वास घेतात, शांतपणे दहा मोजतात, आणि मग असा नेमका ठोसा हाणतात की बोलायची सोय नाही! पूर्वी रागाच्या भरात निम्मे ठोसे हवेत जायचे, आता एक वाया जात नाही. एक पोरगी तर समोरच्याला म्हणाली, "पळू नकोस रे, माझे सातच झालेत." आणि तो थांबला! काय ही शिस्त!

शेवटचा आठवडा उजाडला. सुटले बाई, म्हणत मी ब च्या कोपऱ्यात उभी. काडी रणगाड्याच्या गणितातल्या मार्कांवरून काहीतरी बोलला, आणि रणगाड्याने त्याला उचलून भिंतीला टेकवलं, गळ्याशी धरून. चष्मा खाली पडला, काचांचा चुरा. आणि मी रकाना शोधतेय! 'गळा धरणे' असा रकानाच नाही माझ्या तक्त्यात! 'इतर' मध्ये लिहू का, म्हणून वर बघते तर काडी गप्प. तुम्हाला सांगते, झोपेतसुद्धा बडबडत असेल असं ते पोर, गप्प! ओठ निळे, पाय अधांतरी, आणि माझ्याकडे बघतोय. मदत मागत नव्हता हो... तेच सगळ्यात वाईट. बाई काही करणार नाहीत, हे त्याला पाठ झालं होतं.

तिथे माझं काळीज फाटलं. खड्ड्यात गेला प्रबंध, खड्ड्यात गेली खुर्ची! तक्ता भिरकावला, कुणाला लागला देव जाणे, या वयात, या गुडघ्यांनी बाकावरून उडी मारली आणि रणगाड्याच्या पाठीत असा धपाटा घातला, असा धपाटा घातला, की काडीला सोडून तो थेट फळ्याला जाऊन चिकटला. "पुन्हा कुणाच्या गळ्याला हात घातलास तर तो हात उपटून तुझ्याच दप्तरात भरीन!" तावदानं थरथरली. काडीला पोटाशी धरलं. तो खोकला, धापा टाकल्या, आणि पहिलं वाक्य काय बोललं असेल ते कार्टं? "बाई... तुम्ही दहा नाही मोजले."

त्यानंतर उरलेला आठवडाभर सातवी ब मध्ये कुणी शिंकलंसुद्धा नाही. आकडे मांडले, आलेख काढला, तर सातवी अ ची मारामारी वर वर चढलेली, आणि ज्यांना काही द्यायचं नव्हतं त्या ब ची रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी खाली! मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, जाडजूड, टायवाले. त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "बाई, इथे काय झालं?"

खोटं बोलता आलं असतं. पण तो निळा ओठ डोळ्यांपुढून हलेना. मी म्हटलं, "सर, धपाटा झाला." आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

"प्रबंध बाद," मॅडम हळूच म्हणाल्या.

"बाद?" सर कडाडले. "अहो, पोराचा जीव चालला होता! हात लावू नका असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"माझ्या!"

"मग फाडा ते!" असं म्हणून सरांनी टेबलावरचं मॅडमचं पुस्तक खरंच उभं फाडलं! आणि ज्यांचं बोलणं कान देऊन ऐकावं लागायचं, त्या मॅडमनी अशी किंकाळी फोडली की बाहेरचा शिपाई पळाला. पाण्याचा जग सरांच्या अंगावर, सरांची फाइल मॅडमच्या दिशेने, खुर्ची आडवी, मॅडमनी सरांचा टाय धरून त्यांना टेबलावरून ओढलं... आणि मी? मी काय करणार? सवयीने हात पिशवीत गेला, कोरा तक्ता काढला, आणि लागले खुणा करायला. 'फाडणे'. 'वस्तू फेकणे'. 'गळा धरणे', हो, तो रकाना मी नंतर घातला होता.

हळूहळू दोघं थांबले. लाल तोंडाने सर म्हणाले, "काय करताय?"

"नोंद."

दोघांनी तक्ता बघितला, मग एकमेकांकडे बघितलं. टाय सरळ झाला, केस सारखे झाले. आणि सह्या झाल्या!

पदवी मिळाली, खुर्चीही मिळाली. प्रबंधाची एक प्रत, काळी जाड बांधणी, वर सोनेरी अक्षरं, शाळेच्या ग्रंथालयात ठेवली. वाचणार कोण, म्हणा? पण काल बघते तर काय, काडी टाचा उंचावून कपाटातून माझा प्रबंध काढतोय! माझा! दोन्ही हातांनी छातीशी धरला पोराने. तुम्हाला सांगते, डोळे भरून आले माझे, एवढं सोसलं त्याचं चीज झालं असं वाटलं... तोवर तो वळला आणि मागे उभ्या रणगाड्याच्या टाळक्यात त्याने तो असा हाणला, की कपाटावरची धूळ खाली आली!

रणगाडा कपाळ चोळत माझ्याकडे. "बाई, बघा ना, याने मारलं!"

मी काडीकडे बघितलं. प्रबंध पुन्हा डोक्यावर उचललेला, डोळे मिटलेले, तोंडाने शांतपणे, "सात... आठ..."

काय करणार हो? रणगाड्याला म्हटलं, "बाळा, माझा नाइलाज आहे. नियंत्रित गटाला हात लावायचा नाही!"

मी थांबले मग... पण त्याचे दहा होईपर्यंतच, पुढे मध्ये पडलेच!