दिवा लागल्यावरचं मोटारतेल

गोमती — पण आजी, पंप तर इथे समोर उभा आहे! तेल नाही का त्यात?

मीनाक्षीबाई — आहे. पोट भरून आहे. पण आतां द्यायचें नाहीं. दिवा लागला.

गोमती — कुठला दिवा?

मीनाक्षीबाई — तुळशीपुढला. मागल्या अंगणांत, पंपापासून सगळें घर ओलांडून. सून आतांच लावून आली. दिवा लागल्यावर आमच्या घरांतून मीठ जात नाहीं, ताक जात नाहीं, तेल जात नाहीं. तुमच्याकडे जातें का?

गोमती — आमच्या पुण्यातही नाही जात. माझी आई शेजारणीला तेलाची वाटीसुद्धा देत नसे त्या वेळेला. पण आजी, हे तेल कुठे? हे पेट्रोल.

मीनाक्षीबाई — तुम्ही काय तें म्हणा. कुंभकोणांत कंदिलांत घालतात तें मातीतेल आणि मोटारींत घालतात तें मोटारतेल.

गोमती — कंदिलातलं ते घासलेट. आणि पेट्रोल डोक्याला लावत नाहीत, फोडणीला घालत नाहीत, समईत तर मुळीच नाही. बोटावर घेतलं तर उडून जातं. ते तेल कसं?

मीनाक्षीबाई — अशी उडून जाणारी लक्ष्मी दिवा लागल्यावर मी आपल्या हातानें दाराबाहेर घालूं? आणि बाई, तुम्ही अजून गाडींतच बसून बोलतां आहां.

गोमती — पुण्याला असंच करतात. हॉर्न वाजवला की माणूस धावत येतो, आपण काच खाली करून सांगायचं.

मीनाक्षीबाई — अय्यो! सोयऱ्याच्या दारांत जाऊन पालखींतूनच ओरडायचें! येथें गाडींतलीं माणसें उतरतात, पाय धुतात, ओट्यावर टेकतात, मग पंपाचा दांडा हालतो. गाडींत माणूस असतां आम्ही थेंब ओतत नाहीं.

नागलक्ष्मी — आत्याबाई, त्यांना उतरूं तरी द्या. या बाई. हें पाणी घ्या, पायांवर घाला. आणि हें ताक. आलें-कढीलिंब वाटून घातला आहे.

गोमती — ताक? आत्ताच या म्हणाल्या, दिवा लागल्यावर ताक देत नाहीत.

नागलक्ष्मी — घरांत बसून प्यालांत तर तें गेलें कोठें? घरांतच राहिलें. तुमच्या ड्रायव्हरलाहि बोलवा.

मीनाक्षीबाई — ही माझी सून, नागलक्ष्मी. पंप हीच सांभाळते. तुम्ही कोणाच्या, बाई?

गोमती — मी गोमती. आज दुपारी तंजावरला उतरले. पुढची आगगाडी चुकली, म्हणून ही मोटार केली. कुंभकोणला पेट्रोल मिळेल म्हणाला ड्रायव्हर. नागपट्टणला जायचंय. आजच. गावात दुसरा पंप असेल ना?

नागलक्ष्मी — बाजारांत आहे. पण तो ऊन उतरतांच कुलूप घालून चोळपुरमला घरीं जातो.

मीनाक्षीबाई — मग पहाटे भरा कीं. सडा पडला, दारीं कोलमची रांगोळी काढली, कीं पहिली गाडी तुमची. आम्ही पहिल्या गाडीला कुंकू लावतों, चाकाखालीं लिंबू ठेवतों. शकुनाची भरणी. कोणाला मिळते अशी आयती?

गोमती — पहाटे बोट सुटेल, आजी.

नागलक्ष्मी — पेनांगची?

गोमती — तुम्हांला कसं कळलं?

नागलक्ष्मी — नागपट्टणाहून आणखी कोठली सुटते?

गोमती — आमचे हे त्या बोटीने निघालेत. तिकडच्या रबराच्या मळ्यावर डॉक्टरची जागा मिळाली. मला चल म्हणत होते, महिनाभर म्हणत होते. मी म्हटलं, मी माझं घर सोडून समुद्रापार येणार नाही, तुम्हांला जायचं तर जा. तर गेले. भांडले नाहीत, दार आपटलं नाही. माझी ट्रंक भरून ठेवलेली होती, ती हळूच परत माळ्यावर चढवून गेले.

मीनाक्षीबाई — आणि मग?

गोमती — मग काय. ते घर, ज्याच्यासाठी मी इतकं बोलले, त्यात दोन दिवस बसवेना. ते बोटीवर चढायच्या आधी मला तिथं पोचायचंय. नाहीतर मी येणारच नव्हते असं समजून जातील ते, आणि तिथून परत विचारायचे नाहीत. मी ओळखते त्यांना.

नागलक्ष्मी — ट्रंक आणली आहे?

गोमती — गाडीत आहे.

मीनाक्षीबाई — नागे, तूं अशी पाहूं नकोस तिच्याकडे. तुझें तोंड मला दिसतें आहे.

नागलक्ष्मी — मी कांहीं बोललें नाहीं, आत्याबाई.

मीनाक्षीबाई — न बोलतांच बोलतेस तूं. बाई, ऐका. माझा सेतुराम, हिचा नवरा, नागपट्टणच्या त्याच धक्क्यावरून गेला. पहिल्यानें निरोप आला, पोंचलों म्हणून. दुसऱ्यानें आला, येतों म्हणून. मग कांहीं नाहीं. तो गेला तेव्हां दारीं लावलेला नारळ आतां धरूं लागला. तेव्हांपासून हिचा नेम आहे. दिवा आपल्या हातानें लावायचा, दारीं आलेल्याचें पाहून झालें कीं वात विझेतों तेथेंच बसायचें, आणि दिवा जागा असतां तेलाचा थेंब घराबाहेर जाऊं द्यायचा नाहीं. गेल्या वर्षीं कोणी साहेब आला होता मोठा. बूट आपटले, टोपी काढली, पुन्हां घातली. शेवटीं याच ओट्यावर निजला, आणि सकाळीं कुंकू लावून घेऊन गेला.

गोमती — कुणाला? मोटारीला?

मीनाक्षीबाई — मोटारीलाच. त्याला लावायला गेलों असतों तर पळाला असता.

नागलक्ष्मी — लोक म्हणतात, हा माझा हेका आहे. असेल. पण बाई, संध्याकाळीं दिव्याशीं बसलें कीं मला वाटतें, तिकडे कोठें तरी ते अंधारांत चालले आहेत आणि पायाखालचें थोडें दिसतें आहे त्यांना. एवढेंच. तेल बाहेर गेलें तर तें थोडें कमी दिसेल, असें मनांत येतें.

गोमती — मग राहू दे, ताई. खरंच राहू दे. तुमच्या माणसाच्या पायाखालचा उजेड मी माझ्या टाकीत ओतून घेऊ? नाही. बैलगाडी नाही का मिळायची?

मीनाक्षीबाई — बैलगाडीनें पोंचाल तों बोट अर्ध्या समुद्रांत.

गोमती — तरी निघते मी. इथे बसून राहण्यापेक्षा निदान त्या दिशेला असेन.

नागलक्ष्मी — थांबा. ताक सगळें प्यालांत?

गोमती — हो.

नागलक्ष्मी — तें घराबाहेर गेलें नाहीं, कारण घरांत बसून प्यालांत. तसें तेल घरच्या माणसाबरोबर असलें, तर तें दिलें होईल का, आत्याबाई? समजा, मीच त्या गाडींत बसलें. तेल माझें, आणि मी त्याच्याजवळ. उजाडेपर्यंत तें आपल्या घरचेंच. नागपट्टणाला सूर्य वर आला कीं मग यांचें.

मीनाक्षीबाई — तूं गाडींत बसणार? तिरुभुवनला लुगडें घ्यायला चल म्हटलें तर संध्याकाळपर्यंत परत येऊं ना म्हणून दहा वेळां विचारणारी तूं?

नागलक्ष्मी — शास्त्राला धरून आहे कीं नाहीं तेवढें सांगा.

मीनाक्षीबाई — शास्त्र माझ्या तोंडांत नको कोंबूंस. तेलाचें झालें. दिव्याशीं कोण बसणार?

नागलक्ष्मी — दिव्याशीं?

मीनाक्षीबाई — बोल कीं.

नागलक्ष्मी — तें माझ्या ध्यानांतच आलें नाहीं. बाई, मला क्षमा करा. उगीच आशा लावली तुम्हांला.

मीनाक्षीबाई — मी नको म्हटलें का? कोण बसणार, एवढें विचारलें. तर तुझ्या तोंडून माझें नांव निघेना! इतकीं वर्षें तो दिवा तूं असा कवटाळून बसलीस कीं त्याच्या आईला त्याच्यासाठीं वात पुढें सारायलासुद्धां मिळाली नाहीं. तो आधीं माझा आहे, नागे.

नागलक्ष्मी — आत्याबाई…

मीनाक्षीबाई — रडूं नकोस, दांडा हालव. आणि माझी जाड शाल घे, समुद्रावर वारा असतो म्हणतात. येतांना आगगाडीनें ये. बाई, तुम्ही आणि तुमचा ड्रायव्हर ओट्यावरच बसा हं, गाडी भरेतों. पुण्याची घाई येथें चालायची नाहीं.

(नागलक्ष्मी दांडा हलवू लागते. पंपावरच्या उंच काचेच्या भांड्यात तेल संथपणे चढतं. मावळतीचं उरलेलं आभाळ त्यात उतरतं आणि नळीतून गाडीत निघून जातं. गाडीत पाऊल ठेवताना नागलक्ष्मीला वाटतं, आपण नावेत चढतो आहोत. मोटार अंधारात नागपट्टणच्या वाटेला लागते.)

गोमती — ताई, ठीक बसलात ना? दार घट्ट धरून ठेवू नका, उघडायचं नाही ते.

नागलक्ष्मी — किती मऊ चालते. दोन्हीकडे पाणीच पाणी आहे, नाहीं? भाताचीं रोपें दिसत नाहींत, नुसता वास येतो.

गोमती — घाबरलात?

नागलक्ष्मी — नाहीं. स्वप्नांत अशी वाट मी पुष्कळदां पाहिली आहे. फक्त त्यांत मी चालत असतें.

गोमती — त्यांना पोचवायला तुम्ही गेला नव्हता? नागपट्टणला?

नागलक्ष्मी — आमच्यांत बायका धक्क्यावर जात नसत. ओट्यावरून पाहिलें. वळणाला गाडी थांबवून त्यांनीं मागें पाहिलें होतें, असें आत्याबाई सांगतात. मी तेव्हां डोळे मिटून नांव घेत होतें देवाचें.

गोमती — मी वाटेत सगळं ठरवत आलेय. आधी माफी मागायची, मग ट्रंक दाखवायची, मग घराला कुलूप घालून आले ते सांगायचं. आता जवळ येतंय तसं एकेक विसरत चाललेय. काय बोलू त्यांच्याशी?

नागलक्ष्मी — बोलूं नका कांहीं. आधीं दिसा.

गोमती — आणि तुम्ही? तुम्ही तेव्हा धक्क्यावर गेला असता, तर काय म्हणाला असता?

नागलक्ष्मी — मी? मी दुसरें काय म्हटलें असतें, बाई. 'जेवलांत का' म्हणून विचारलें असतें.