कंधारची सून

चहा गार होऊ देऊ नका, पण हे ऐका. गेल्या वर्षी मी शिकवलेला मुखेडच्या मुलींचा फुटबॉल संघ जिल्ह्यात पहिला आला. यंदा त्यातल्या तिघी गेल्या. गोलकीपर नर्सिंगला लातूरला, बचावातली एक पोलिसात आणि कॅप्टन रेखा लग्न होऊन कंधारला. जो तो म्हणायचा, "सर, यंदा काय खरं न्हाई तुमचं."

त्यात पहिलीच मॅच कंधारला, त्यांच्याच संघाशी. मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन गोल झाले. पोरी माना खाली घालून बसलेल्या.

तेवढ्यात साडी नेसलेली रेखा आली, मागं तिच्या सासूबाई. मला वाटलं, भेटायला आली असेल. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि पोरींवर ओरडली, "रडून काय राहिल्या गं? मी गेले म्हणून तुमचे पाय गेले का? उठा!"

सासूबाई चपापल्या. "सूनबाई, आपण आता कंधारचे ना?"

"हाव, आत्याबाई. पण पोरी माझ्या हायेत."

मग पोरी अशा खेळल्या की विचारू नका. एक गोल केला, दुसरा खांबाला लागून परत आला. हरलो आम्ही, पण दोन-एकनं.

निघताना सासूबाईंनी मला बाजूला बोलावलं आणि हळूच विचारलं, "सर, तुमच्या टीममधी लग्न झालेली चालती का?"