संज्याच्या पिक्चरमधली माझी म्हैस

म्हैस माझी, गोठा माझा आणि वाहवा कुणाची? आमच्या कडावच्या संज्याची!

मी भुताचा पिक्चर काढला, तेव्हा कर्जतवरनं मेकअपवाला आणला, धूर सोडला. अख्खा गाव पोट धरून हसला. संज्याकडं भूत आणायला पैसाच नाय. त्यानं मोबाइलवर नुसती माझी म्हैस घेतली. ती रवंथ करायची थांबते आणि रिकाम्या कोपऱ्याकडं बघत राहते. बस्स, एवढंच! बघणाऱ्यांची बोबडी वळली.

"त्यात भूत कुठं हाय गं?" मी चिडून बायकोला विचारलं.

"म्हशीला दिसलं ना! उद्यापासून धार तुमीच काढा."

काल सकाळी धार काढताना म्हैस रवंथ करायची थांबली आणि कोपऱ्याकडं बघायला लागली. बादली तिथंच टाकून मी थेट रस्त्यावर!

संज्याला कुणी सांगितलंत, तर बघा.