साक्ष

ट्युनिशियाचा हुकूमशहा पळाला आणि गाबेस शहरात इस्लामी चळवळीचं कार्यालय पहिल्यांदाच उजळ माथ्यानं उघडलं. सभासद व्हायला साक्षीदार लागत होता, कारण क्रांतीनंतर जो तो स्वतःला जुना कार्यकर्ता म्हणवू लागला होता. रांगेत दोन म्हातारे पुढेमागे उभे होते.

“ताहेरभाई, तुम्ही रांगेत? अख्खं तरुणपण तुरुंगात गेलं ना तुमचं?”

“गेलं. पण काम इतकं गुपचूप केलं, की आमचीच माणसं आता विचारतात, हा कोण? ओळखणारे वारले रे मुन्जी.”

“मी देतो साक्ष.”

“तू?”

“पोलिसांना तुमचं नाव मीच दिलं होतं. माझ्याइतकी खात्री कोणाला असणार?”

ताहेरनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“आणि तू इथे कशाला तडमडलास?”

“सभासद व्हायला. गल्लीत माझ्या सलामाला कोणी उत्तरसुद्धा देत नाही, भाई.”

“तुझी साक्ष कोण देणार?”

“तेच तर.”

“पुढचे या!” आतून हाक आली.

“चल. सांगतो त्यांना, याने पहाटेची नमाज कधी चुकवली नाही.”

“मी मशिदीत पोलिसांसाठी नावं टिपायला यायचो.”

“ते त्यांनी विचारलं तर सांगू.”