कुलपातला पंप

(दवाखान्यातला बाक. आतल्या खोलीत बारा वर्षांच्या एका खेळाडू मुलीला वाफ देताहेत. बाहेर शाळेचे खेळाचे सर आणि त्यांच्या हाताखालची नवी प्रशिक्षिका. मुलं तिला ताई म्हणतात.)

सर : बस ना जरा. तुझ्या येरझाऱ्यांनी मला गरगरायला लागलंय.

ताई : सर, येरझाऱ्या तुम्ही घालताय. मी बसलेलीच आहे.

सर : हं. डॉक्टर काय म्हणाले, परत सांग.

ताई : तिसऱ्यांदा सांगते. धोका टळलाय. तिच्या आई पोचतीलच आता. त्यांना काय सांगायचं?

सर : दम्याचा झटका आला. दमा असला की येतो.

ताई : आणि पंप तिच्याजवळ का नव्हता, म्हणाल्या तर?

सर : नियम आहे. सरावाआधी सगळ्यांची औषधं कपाटात. मागे एकाचा पंप मैदानात पडला, अख्खा संघ गवतात शोधत बसला, तेव्हापासून. आणि कुलूप मी हौसेने लावत नाही. ही कार्टी जखमेची चिकटपट्टी बॅटच्या मुठीला गुंडाळतात.

ताई : प्रथमोपचाराच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पंप मुलाच्या खिशातच हवा. तुम्ही हजेरीची सही केलीत आणि चहाला गेलात.

सर : बावीस वर्षं पोरं घडवतोय मी. तू मला शिकवू नकोस.

ताई : नाही शिकवत. पण ती मागत होती, सर.

सर : गेल्या आठवड्यात पोट दुखतंय म्हणाली आणि झाडाखाली बसून गप्पा छाटत होती. मला वाटलं, तसंच काहीतरी.

ताई : हो. मलाही आधी तसंच वाटलं.

सर : किल्ली माझ्याच खिशात होती गं. नुसता हात घालायचा होता. भीती वाटतेय मला. नोकरीची नाही. म्हणजे, नोकरीचीही आहेच.

ताई : मी बोलू तिच्या आईंशी?

सर : अजिबात नाही. मोठ्या बाईंनी बजावलंय, त्या येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

ताई : त्या बघा, तिच्या आई आल्याच.

आई : कुठंय ती? कशी आहे?

ताई : बरी आहे. वाफ झाली की आत सोडतील तुम्हाला.

आई : शिपाईमामांनी सांगितलं मला फोनवर. सर तिला खांद्यावर टाकून गाडीपर्यंत धावले म्हणे. सर, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही होतात म्हणून पोर हाती लागली.

सर : तुम्ही बसा आधी.

आई : घरी सारखं तुमचंच पुराण असतं तिचं. सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. माझं एक ऐकत नाही.

ताई : मी पाणी घेऊन येते.

सर : थांब. इथेच थांब तू. अहो, ऐका. ती पंप मागत होती माझ्याकडे. मी दिला नाही. मला नाटक वाटलं.

आई : मागत होती?

सर : हो.

आई : किती वेळ?

सर : मैदानाच्या दोन फेऱ्या. दुसरीत बोलता येत नव्हतं तिला. हातानेच मागत होती.